जंतू मेला, विष उरले

लग्नसराई सुरू झाली की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी हटकून येते. दुपारच्या पंगतीत बासुंदी किंवा खव्याचे एखादे पक्वान्न होते, दिवेलागणीच्या आत वऱ्हाडी मंडळींना उलट्या सुरू झाल्या, ग्रामीण रुग्णालयात खाटा अपुऱ्या पडल्या, अनेकांना सलाइन लावावे लागले आणि ‘सर्वांची प्रकृती स्थिर असल्याचे सांगण्यात आले’. दुधात पाल पडली असावी, असा एक तर्क शेवटच्या ओळीत असतो. पालीची बाजू घेणारे कोणी नसते, म्हणून आधीच नोंदवून ठेवते की आपल्या घरातल्या भिंतीवरची पाल विषारी नसते. ती उकळत्या दुधात पडली तर किळस येईल हे खरे, पण तेवढ्याने सगळे वऱ्हाड तीन तासांत आडवे होत नाही. जुन्या पिढीतली माणसे पातेल्याला कल्हई होती का, असे विचारतात, आणि तो प्रश्न पालीपेक्षा पुष्कळच शहाणपणाचा आहे, कारण कळकलेल्या पदार्थानेही लवकर उलट्या होतात. मात्र बासुंदी आंबट नसते आणि आचाऱ्यांची पातेली आता बहुधा स्टीलची किंवा अ‍ॅल्युमिनियमची असतात.

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे अशी बातमी वाचताना माझे लक्ष प्रथम वेळेकडे जाते. जेवण एक वाजता झाले आणि उलट्या चार वाजता सुरू झाल्या, ताप जवळजवळ कोणालाच नाही, आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक जण घरी परतले, असे वर्णन असेल तर गुन्हेगाराचा अंदाज प्रयोगशाळेत न जाताही बांधता येतो. सॅल्मोनेलासारखा जंतू पोटात गेल्यावर त्याला आतड्यात ठाण मांडून वाढावे लागते आणि त्यासाठी सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत अवधी जातो. दोन-तीन तासांत माणूस आजारी पडला, याचा अर्थ त्याने जंतूपेक्षाही जंतूने आधीच तयार करून ठेवलेले विष खाल्ले. आज एका वाक्यात सांगता येणारी ही गोष्ट शोधायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला, आणि ती शोधणाऱ्यांना स्वतःचे पोट पणाला लावावे लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रांचेस्को सेल्मी या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने कुजणाऱ्या मृतदेहांतून काही नत्रयुक्त द्रव्ये वेगळी केली आणि त्यांना ‘टोमेन’ हे नाव दिले. अन्न कुजले की त्यात टोमेन तयार होतात आणि त्यांच्यामुळे विषबाधा होते, हे स्पष्टीकरण डॉक्टरांना इतके सोयीचे वाटले की विसाव्या शतकातही बरीच वर्षे ते रोगनिदान म्हणून लिहिले जात होते. अडचण एवढीच होती की विषबाधा झालेली माणसे शपथेवर सांगत की अन्नाला वास नव्हता, चव उत्तम होती आणि म्हणूनच आम्ही दुसऱ्यांदा वाढून घेतले. मग १८८८ साली जर्मनीतल्या फ्रांकेनहाउझेन गावी आजारी गाईचे मांस खाऊन लोक आजारी पडले, तेव्हा ऑगस्ट गेर्टनर यांनी त्या मांसातून आणि दगावलेल्या माणसाच्या प्लीहेतून एकच जंतू वेगळा केला. तो पुढे सॅल्मोनेला कुळात गेला. तेव्हापासून शोधाची दिशा पालटली आणि अन्नात जिवंत जंतू शोधणे सुरू झाले. हे योग्यच होते, पण ज्या प्रकरणांत ओळखीचा जंतू सापडत नसे ती बेवारस राहिली. टोमेनच्या सिद्धान्तात एक गोष्ट बरोबर होती, ती म्हणजे विष अन्नातच तयार होते. त्याचा कर्ता कोण, हे मात्र त्या सिद्धान्ताने चुकीचे सांगितले होते.

तो कर्ता शोधणाऱ्यांत मला सर्वांत जवळचे वाटतात ते मार्शल अल्बर्ट बार्बर. हे अमेरिकन संशोधक. एकच जंतू काचेच्या अतिसूक्ष्म नळीने उचलून वेगळा करण्याचे तंत्र त्यांनी बसवले होते, आणि पुढे हिवतापाच्या डासांच्या अळ्या मारण्यासाठी पॅरिस ग्रीन हे द्रव्य वापरण्याच्या कामातही त्यांचे नाव आले. फिलिपाइन्समध्ये असताना एका शेतावरच्या गाईचे दूध किंवा साय खाल्ली की त्यांना मळमळ, उलट्या आणि जुलाब होत. गाय दिसायला निरोगी होती. चमत्कारिक गोष्ट अशी की तेच दूध धारोष्ण प्यायले तर काही होत नसे, आणि काही तास तसेच बाहेर राहिलेले प्यायले की त्रास होत असे. दुसरा कोणी असता तर गवळी बदलून मोकळा झाला असता. बार्बर यांनी त्या गाईच्या कासेतून येणारा जंतू वेगळा केला, तो चांगल्या दुधात मिसळला, ते दूध उष्ण हवेत काही तास राहू दिले आणि पिऊन पाहिले. पुन्हा त्याच उलट्या झाल्या. तयारीचे आणखी लोक मिळाले, त्यांचीही तीच गत झाली. जंतू निघाला स्टॅफिलोकॉकस, म्हणजे गळू आणि पू यांच्यामुळे शल्यविशारदांच्या चांगल्या परिचयाचा. हा लेख १९१४ साली फिलिपाइन्सच्या विज्ञानपत्रिकेत छापला गेला आणि नंतर पंधरा-सोळा वर्षे त्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

त्या लेखातली कळीची गोष्ट म्हणजे ते ‘काही तास’. जंतू असलेले ताजे दूध निरुपद्रवी होते, म्हणजे नुसते जंतू पोटात जाणे पुरेसे नव्हते. उष्ण हवा आणि वेळ मिळाल्यावर दुधात काहीतरी साठत होते. हे ‘काहीतरी’ जंतूपासून वेगळे काढून दाखवण्याचे काम शिकागो विद्यापीठात गेल डॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. नाताळातला केक खाऊन ११ माणसे आजारी पडली होती. त्या केकमधून पिवळ्या वसाहती, म्हणजे डोळ्यांना दिसणारे जंतूंचे पुंजके, करणारा स्टॅफिलोकॉकस मिळाला. त्यांनी तो द्रव माध्यमात वाढवला, जंतू वगळून मागे राहिलेला निव्वळ द्रव घेतला आणि तो माणसांनी प्यायला. ती माणसे आजारी पडली. १९३० साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि टोमेनचे दिवस भरले.

माणसांनीच का प्यायचे, असा प्रश्न विद्यार्थी दरवर्षी विचारतात. त्याचे उत्तर असे की प्रयोगशाळेतल्या उंदरांना उलटी करताच येत नाही. त्यांच्या शरीरात ती सोयच नाही. मांजराची पिल्ले आणि माकडे वापरून पाहिली गेली, परंतु पिल्ले भलत्याच कारणाने ओकत आणि माकडे महाग पडत. पुढे जपानी संशोधकांना एक सोयीचा प्राणी सापडला, आणि त्याचे नाव वाचून मला हसू आवरेना. ती आपली चिचुंद्री! मोरीतून पळणारी, चिरकणारी, वास मारणारी चिचुंद्री चांगल्यापैकी उलटी करू शकते, हे १९८० च्या दशकात तिथे लक्षात आले, आणि २००३ साली स्टॅफिलोकॉकसच्या विषावरचे प्रयोगही तिच्यावर झाले. आतड्यातल्या पेशींतून स्रवणारी द्रव्ये, तिथून निघणारी व्हेगस मज्जातंतूची वाट आणि मेंदूतले उलटीचे केंद्र, ही साखळी आज जेवढी उलगडली आहे त्यात तिचा वाटा मोठा आहे. आपण तिला केरसुणी घेऊन हाकलतो.

विषाचे स्वरूप कळत गेले तसा त्याचा चिवटपणाही कळत गेला. ते एक लहानसे, घट्ट घडी पडलेले प्रथिन आहे. त्याचे वीसहून अधिक प्रकार आज ठाऊक आहेत आणि त्यांना इंग्रजी अक्षरांची नावे आहेत. ‘बी’ प्रकारातली २३९ अमिनो आम्लांची साखळी १९७० सालीच उलगडली होती. जठरातले पेप्सिन हे प्रथिने पचवणारे द्रव्य त्याचे फारसे काही बिघडवू शकत नाही. जंतू स्वतः पाश्चरीकरणाच्या उष्णतेने मरतो, पण त्याने सोडलेले विष अर्धा तास उकळूनही पुरते नष्ट होत नाही. मात्रा किती लागते, याचा अंदाज अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना चॉकलेटयुक्त दुधातून झालेल्या विषबाधेतून मिळाला. एका खोक्यातल्या दुधात सरासरी १४४ नॅनोग्रॅम विष निघाले. एका ग्रॅमचे सुमारे सत्तर लाख भाग केले तर त्यातला एक.

एवढ्याशा विषाला चव नाही, वास नाही, रंग नाही. शालेय पोषण आहार मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकांनी चाखून पाहावा, असा आपल्याकडे नियम आहे. मीठ चुकले, तेल खवट निघाले किंवा कीटकनाशकाचा दर्प आला, तर तो नियम उपयोगी पडेल. स्टॅफिलोकॉकसच्या विषापुढे तो लंगडा आहे, कारण चाखणाऱ्या शिक्षकाला त्रास सुरू व्हायला एक ते सहा तास लागतात आणि तोवर पंगत उठून ताटल्याही धुऊन झालेल्या असतात.

हा जंतू कुठून येतो, हे सांगितले की वर्गात थोडी चुळबुळ होते. निरोगी माणसांपैकी साधारण चौथ्या हिश्शाच्या नाकात तो कायम वस्तीला असतो. नाकाला लागलेला हात, बोटावरची चीर, नखाच्या कडेला पिकलेले नखुरडे, एवढे त्याला अन्नात उतरायला पुरते. कच्च्या दुधात तो फारसा फोफावत नाही, कारण तिथे इतर जंतूंची इतकी दाटी असते की त्याला जागा मिळत नाही. दही लागताना तर आम्लामुळे तो आणखीच मागे पडतो. पण आपण दूध तास-दोन तास आटवतो तेव्हा ते नांगरून, तण काढून तयार ठेवलेल्या शेतासारखे होते. मग निवलेल्या खव्याला मळणाऱ्याचा हात लागतो, आणि पहिला जो जंतू पडेल त्याला सगळे रान मोकळे असते. वरून साखर किंवा मीठ घातल्याने इतर जंतू दबतात, पण हा बऱ्यापैकी मीठ आणि साखर सहन करतो, म्हणून खारवलेले हॅम आणि खव्याची मिठाई, एरवी एकमेकांना न ओळखणारे हे दोन पदार्थ, विषबाधेच्या नोंदींत शेजारी शेजारी दिसतात.

हॅमवरून ३ फेब्रुवारी १९७५ चे ते विमान आठवते. टोकियोहून पॅरिसला निघालेल्या जपान एअर लाइन्सच्या विमानात ३४४ प्रवासी होते. वाटेत अलास्कातल्या अँकरेजला चढवलेला नाश्ता कोपनहेगनला उतरण्याच्या थोडे आधी वाढला गेला. त्यात हॅम घातलेली ऑम्लेटे होती. विमान उतरेपर्यंत लोक ओकू लागले होते. १९६ प्रवासी आणि एक हवाईसुंदरी आजारी पडली आणि सुमारे १४० जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. तपासात अँकरेजच्या स्वयंपाकघरातला एक आचारी सापडला. त्याच्या बोटांवर पिकलेले फोड होते आणि त्यांतला जंतू हॅममधल्या जंतूशी जुळला. पण मला त्या अहवालातले तासांचे गणित अधिक बोलके वाटते. ते ट्रे स्वयंपाकघरात सहा तास तसेच होते. नंतर साडेचौदा तास १० अंश सेल्सियसच्या शीतगृहात होते, जे पुरेसे थंड नव्हते. शेवटी विमानातल्या बंद भट्ट्यांत, थंडाव्याविना, आणखी आठ तास गेले. वाढण्यापूर्वी भट्टी १५० अंशांवर पंधरा मिनिटे तापवली होती. नाश्ता गरमागरम होता. वैमानिक बचावले ते योगायोगाने, कारण अँकरेजला चढलेल्या त्यांच्या देहाच्या घड्याळात ती रात्रीच्या जेवणाची वेळ होती आणि त्यांनी नाश्त्याऐवजी मांसाचा दुसरा पदार्थ खाल्ला होता.

माझ्या विषयातल्या माणसाला खरा धडा मिळाला तो मात्र २००० साली जपानमध्ये. आमच्याकडे स्टॅफिलोकॉकस शोधायचा म्हणजे अंड्यातला पिवळा बलक आणि टेल्युराइट घातलेले बेअर्ड-पार्कर माध्यम काचेच्या तबकडीत ओतायचे, त्यावर नमुना पसरायचा आणि ३७ अंशांवर दोन दिवस ठेवायचा. तबकडी बाहेर काढली की काळ्याभोर, चकचकीत, टपोऱ्या वसाहती दिसतात. प्रत्येकीला पांढुरकी कड असते आणि तिच्याबाहेर बलक विरघळून माध्यम निवळल्याचे स्वच्छ वलय असते. एकदा पाहिले की विसरता येत नाही इतके ते चित्र स्पष्ट असते. मग त्यातली एक वसाहत सशाच्या रक्तद्रवात घालायची. काही तासांनी नळी आडवी केली तरी आतली गुठळी हलत नाही, आणि आपण वहीत ‘होकारार्थी’ लिहितो. ही पद्धत उत्तम आहे, पण ती जिवंत जंतूच शोधते.

ओसाका भागात कमी स्निग्धांशाचे डबाबंद दूध प्यायलेले लोक त्या वर्षीच्या जून अखेरीस आजारी पडू लागले आणि आकडा १३ हजारांच्या वर गेला. दूध स्नो ब्रँड या जपानमधल्या अग्रगण्य दुग्धकंपनीचे होते. आधी संशय ओसाकातल्या कारखान्यातल्या न धुतलेल्या झडपेवर गेला. मूळ मात्र शेकडो किलोमीटर दूर, होक्काइदो बेटावरच्या ताइकी गावातल्या भुकटीच्या कारखान्यात निघाले. ३१ मार्च रोजी तिथली वीज सुमारे तीन तास गेली होती, आणि वाटेत अडकलेले दूध कोमट राहिले. जंतू वाढले, त्यांनी विष सोडले, वीज आली, दूध रीतसर तापवले गेले आणि जंतू मेले. त्या दुधाची भुकटी झाली, आणि महिन्यांनंतर ती भुकटी ओसाकात पाण्यात कालवून दुसऱ्या दुधात गेली. अशा भुकटीचा नमुना बेअर्ड-पार्करवर पसरला तर तबकडी कोरी निघते. विषाचा छडा लागला तो प्रतिद्रव्यांनी थेट विषच ओळखणाऱ्या चाचण्यांमुळे. दोष तापवण्यात नव्हता. तापवण्याआधीचे तीन तास परत आणता येणार नव्हते, इतकेच.

भाताची कथा याच जातीची, पण तिचा जंतू वेगळा. बॅसिलस सेरियस हा मातीतला जंतू बीजाणूंच्या, म्हणजे टणक कवचातल्या सुप्तावस्थेच्या, रूपाने तांदळाबरोबर घरात येतो आणि ते बीजाणू भात शिजतानाही मरत नाहीत. नॉर्वेत स्टाइनर हाउगे यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर व्हॅनिला सॉसमधून झालेल्या विषबाधांत हा जंतू पाहिला. तो सॉसमध्ये मुद्दाम वाढवून त्यांनी स्वतः पेलाभर प्यायला. तेरा तासांनी पोटात कळा येऊन जुलाब सुरू झाले. त्यांचा हा जुलाबांचा प्रकार आतड्यात घडणारा, उशिरा सुरू होणारा. उलट्यांचा प्रकार १९७१ नंतर ब्रिटनमधल्या चिनी उपाहारगृहांत उघडकीला आला. तिथे भाताची मोठी रास शिजवून ती रात्रभर बाहेर ठेवत, कारण फ्रिजमध्ये शितांचे गोळे होतात, आणि गिऱ्हाईक आले की थोडा भात कढईत परतून देत. त्या भातात साठणारे सेरुलाइड हे विष १२१ अंशांनाही दाद देत नाही, मग कढईतल्या तीन मिनिटांची काय कथा.

फोडणीचा भात मी सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. आपल्याकडे फोडणीवर फार विश्वास आहे. मोहरी तडतडली, हळद-हिंग पडले, कढीपत्ता चुरचुरला की कालचा भात शुद्ध झाला, असे आपण मानतो. जंतूंपुरते ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु तो भात रात्री कुठे होता, हे फोडणी ठरवत नाही. पाऊण वाटी उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निवला आणि फ्रिजमध्ये गेला तर सकाळी खुशाल परतावा. मे महिन्यात नागपुरात कुकरमध्येच झाकून राहिलेल्या भाताचे कोणतीही फोडणी काही करू शकणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात नात्यातल्या एका लग्नाच्या निमित्ताने आचाऱ्यांशी बसून बोलण्याचा योग आला. यादीत बासुंदी होती. ती आदल्या रात्री आटवून मोठ्या पातेल्यात झाकून ठेवायची असे ठरत होते. एवढे मोठे पातेले मध्यभागी पहाटेपर्यंत कोमटच राहते, म्हणून मी ती उथळ परातींत ओतून बर्फावर गार करावी, असे सुचवले. आचाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले. ते म्हणाले, “ताई, मला ठाऊक नाही असं नाही. पण त्याच रात्री माझं दुसरं लग्न आहे, माणसं चारच आहेत आणि बर्फाचे पैसे यजमान देत नाहीत. मांडवाच्या दारात बर्फाचा हंस ठेवतात, त्याचे देतात.” यावर मला काही बोलता आले नाही. शोधनिबंधांतल्या तासांच्या मागे कोणाची मजुरी, कोणाची घाई आणि कोणाची काटकसर असते, हे बहुधा लिहिलेले नसते.

मग त्यांनीच तोड काढली. “मे महिन्यात बासुंदी घेऊच नका. जिलबी घ्या. पंगत बसली की समोर कढई लावतो. तेलातून पाकात, पाकातून पानात.” आम्ही यादीतली बासुंदी खोडली. वराच्या आत्याबाई थोड्या नाराज झाल्या, कारण त्यांच्याकडे प्रत्येक लग्नात बासुंदीच असते.